जिद्दीचा खर्च कोण उचलतो?

राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा (एनडीए) किंवा हवाई दलाच्या निवडीचा निकाल लागला, की वर्तमानपत्रात एक बातमी हमखास झळकते. रिक्षाचालकाचा मुलगा, टपरीवाल्याची मुलगी किंवा दोन एकर कोरडवाहूवर राबणाऱ्या शेतकऱ्याचे पोर आता विमान उडवणार असते. पेढा भरवतानाचे छायाचित्र असते, मथळ्यात 'गगनभरारी' असते आणि खाली 'परिस्थितीवर मात' हे ठरलेले शब्द असतात. बातमी खरी असते, घरच्यांचा आनंद तर त्याहून खरा. खटकते ते तिच्यात दडलेले स्पष्टीकरण. जिद्द होती म्हणून जमले, असे एकदा म्हटले की ज्यांना जमले नाही त्यांच्यात जिद्द नव्हती, हा आरोप न उच्चारताच सिद्ध होतो. तो अन्यायाचा आहे, आणि इतिहासाच्या कसोटीवरही टिकत नाही. गरीब घरातून लष्करी विमानापर्यंत पोहोचलेल्यांची आयुष्ये नीट तपासली, तर जिद्दीच्या शेजारी तीन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात. शिकण्याचा खर्च दुसऱ्या कोणीतरी उचललेला असतो, प्रवेशाची अट कामाच्या गरजेपुरतीच असते, आणि मध्येच पाय घसरला तरी आयुष्य मातीमोल होणार नाही एवढी सोय असते. यातली तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तिचाच उल्लेख बातमीत कधी येत नाही.

हे तपासायला विमानोड्डाणाइतके चांगले क्षेत्र नाही. धावण्याचा सराव गावच्या रस्त्यावर करता येतो, गणित कंदिलाखालीही सुटते, कुस्तीला तालीम आणि वस्ताद पुरतो. जेट विमान मात्र कोणालाही स्वतःच्या हिमतीवर शिकता येत नाही. आपल्याकडे नागरी वैमानिकाचा परवाना मिळवायचा तर अर्धा कोटी रुपये किंवा त्याहून जास्त मोजावे लागतात, म्हणजे शेत किंवा घर गहाण ठेवल्याशिवाय तो विचारही करता येत नाही. लष्करी विमानावरच्या प्रत्येक तासाचे इंधन, देखभाल आणि प्रशिक्षकाचा वेळ यांचा हिशेब तर खासगी माणसाच्या आवाक्याबाहेरचाच. त्यामुळे गरीब मुलगा लढाऊ वैमानिक झाला, की त्यामागे पैसे मोजणारे सरकार असतेच असते. प्रश्न एवढाच उरतो, की सरकारने पैसे कधीपासून मोजायला सुरुवात केली आणि कोणासाठी.

सर्वांत प्रसिद्ध उदाहरण युरी गागारिनचे. अंतराळात गेलेला पहिला माणूस म्हणून जग त्याला ओळखते, पण त्याआधी तो सोव्हिएत हवाई दलाचा वैमानिक होता, आणि त्याहीआधी स्मोलेन्स्क भागातल्या क्लुशिनो नावाच्या खेड्यातला पोरगा. जन्म १९३४ चा. वडील सुतारकाम करत, आई सामूहिक शेतीवर गोठा सांभाळत असे. १९४१ मध्ये जर्मन फौजा आल्या, त्यांनी घर बळकावले आणि कुटुंबाला मागच्या अंगणात जमीन खणून केलेल्या, जेमतेम तीन मीटर लांबीरुंदीच्या खोपटात दिवस काढावे लागले. थोरला भाऊ आणि बहीण यांना जर्मनांनी वेठबिगारीसाठी पकडून नेले. ती दोघे वाचली, युद्ध संपले, पण शाळेची वर्षे वाया गेली होती. सोळाव्या वर्षी युरी मॉस्कोजवळच्या ल्युबेर्त्सी इथल्या कारखान्यात ओतकाम शिकायला लागला. हाताला काम आणि रात्री शाळा, अशी त्याची सुरुवात. इथपर्यंतची कहाणी आपल्या बातम्यांसारखीच आहे, आणि इथपर्यंत तिच्यात विमान कुठेच नाही.

विमान आले ते पुढे. ओतकामात चांगला निघाला म्हणून त्याला व्होल्गाकाठच्या सारातोव्ह शहरात तंत्रविद्यालयात पाठवले गेले. वरखर्चासाठी तो नदीच्या धक्क्यावर हमालीही करत असे. त्या शहरात एक एरोक्लब होता. सोव्हिएत राजवटीने दोन महायुद्धांच्या मधल्या काळापासून असे क्लब शहराशहरांत उभे केले होते. तिथे कामगार आणि विद्यार्थी सुट्टीच्या वेळात पॅराशूट आणि विमान शिकत, आणि त्याची फी त्यांच्या खिशातून जात नसे. १९५५ मध्ये गागारिनने तिथे याक-१८ वर पहिली उड्डाणे केली आणि त्याच वर्षी ओरेनबुर्गच्या लष्करी वैमानिक विद्यालयात प्रवेश मिळवला. तिथे त्याचे घोडे अडले. विमान उतरवताना तो वारंवार चुकत होता आणि त्याला काढून टाकण्यापर्यंत वेळ आली होती. मुख्याधिकाऱ्याने आणखी एक संधी दिली. गागारिनची उंची होती १५७ सेंटिमीटर, म्हणजे समोरची धावपट्टी त्याला पुरेशी दिसतच नव्हती. प्रशिक्षकाने बसायला एक उशी दिली आणि त्यानंतर उतरणे साधले. १९५७ च्या नोव्हेंबरात तो लेफ्टनंट झाला. साडेतीन वर्षांनी, १२ एप्रिल १९६१ रोजी, १०८ मिनिटांच्या त्या प्रवासाने त्याचे नाव घरोघरी पोहोचले. या क्रमातला एकेक टप्पा काढून पाहावा. ओतकामाचा अभ्यासक्रम नसता तर सारातोव्ह नाही, एरोक्लब नसता तर ओरेनबुर्ग नाही, आणि चुकणाऱ्या विद्यार्थ्याकडे शांतपणे पाहणारा प्रशिक्षक नसता तर पुढचे काहीच नाही. शिवाय ओरेनबुर्गमधून परत पाठवला असता, तरी तो ओतकामातला तंत्रज्ञ म्हणून पोट भरू शकला असता. पडला तर खाली जमीन होती, खड्डा नव्हता.

यावर एक रास्त आक्षेप येईल. गागारिन हा प्रचाराने घडवलेला नायक, कामगार-शेतकऱ्यांच्या राज्याला हवा तसा चेहरा त्याच्यात सापडला म्हणून तो निवडला गेला, मग त्याच्या उदाहरणाला पुरावा कसे म्हणायचे? १९६१ मधल्या अंतिम निवडीत त्याच्या जन्माचा फायदा झाला असेल, हे मान्यच करावे. परंतु १९५५ मध्ये सारातोव्हच्या मैदानावर शिकणारा ओतारी कोणाच्याच प्रचाराचा भाग नव्हता. आणि तो एकटाही नव्हता. दुसऱ्या महायुद्धात दोस्तांच्या बाजूने सर्वाधिक शत्रुविमाने पाडणारा इव्हान कोझेदुब हा युक्रेनच्या सुमी भागातल्या गरीब शेतकरी घरातला, पाच भावंडांत धाकटा. तोही तंत्रविद्यालयात शिकत असताना शोस्त्का गावच्या एरोक्लबात उडायला शिकला. ६२ विमाने त्याच्या नावावर अधिकृतपणे नोंदली गेली. क्लुशिनो आणि सुमी इथल्या मुलांच्या स्वभावात काय साम्य होते ते सांगणे अवघड आहे. त्यांच्या रस्त्यातले साम्य मात्र कागदावर नोंदलेले आहे.

हे साम्यवादी राजवटीचेच वैशिष्ट्य, असेही कोणी म्हणेल. म्हणून पलीकडच्या गोटातला दाखला घेऊ. आवाजापेक्षा जास्त वेगाने सरळ पातळीत विमान नेणारा पहिला माणूस चक येगर हा अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागातला. हॅम्लिन या छोट्या गावात तो वाढला, वडील नैसर्गिक वायूच्या विहिरी खणण्याच्या कामावर होते, आणि हायस्कूलपुढे शिक्षण नव्हते. सप्टेंबर १९४१ मध्ये तो हवाई दलात साधा शिपाई म्हणून भरती झाला आणि विमानांची दुरुस्ती करू लागला. त्या काळी वैमानिक व्हायला दोन वर्षांचे कॉलेज लागे आणि येगरच्या घरातून कॉलेज फार दूर होते. पण युद्धाचे ढग जमू लागले तसे, जून १९४१ मध्ये, हायस्कूल झालेल्या शिपायांनाही वैमानिक प्रशिक्षण देण्याचा कायदा झाला. डिसेंबरमध्ये अमेरिका युद्धात उतरल्यावर तर अधिकारी-वैमानिकांसाठीची कॉलेजची अटही गेली आणि तिच्या जागी एक चाचणी परीक्षा आली. मार्च १९४३ मध्ये येगरच्या छातीवर वैमानिकाचे पंख लागले. १९४४ मध्ये फ्रान्सवर त्याचे विमान पडले, तिथल्या भूमिगत प्रतिकारकांच्या मदतीने तो स्पेनमार्गे निसटला, परत येऊन लढला, आणि १४ ऑक्टोबर १९४७ रोजी बेल एक्स-१ विमानातून त्याने आवाजाची भिंत ओलांडली. पुढे तो ब्रिगेडियर जनरल झाला. त्याची असामान्य नजर आणि यंत्राची जाण १९४० मध्येही तेवढीच होती. बदलली होती ती फक्त अट.

अट सैल केली की दर्जा घसरतो, हा पुढचा आक्षेप. आपल्याकडे तो दर दोन दिवसांनी कुठल्या ना कुठल्या संदर्भात ऐकू येतो. त्याला येगरचेच आयुष्य उत्तर देते, मात्र ते उत्तर काळजीपूर्वक वाचायला हवे. अमेरिकेने दृष्टीची, प्रतिक्रियेच्या वेगाची किंवा प्रत्यक्ष उड्डाणाची कसोटी सोडली नव्हती. सोडली ती कॉलेजची अट, जी उड्डाणाशी कमी आणि घरच्या सुबत्तेशी जास्त निगडित होती. प्रत्येक व्यवसायात अटी दोन प्रकारच्या असतात. काही कामातून येतात, काही सवयीतून. कॉकपिटचे माप ठरलेले असते, संकटकाळी आसनासकट बाहेर फेकले जाताना पाय अडकता कामा नये, म्हणून उंची आणि पायांची लांबी मोजली जाते. भारतीय हवाई दलाच्या फ्लाइंग शाखेसाठी किमान उंची १६२.५ सेंटिमीटर आहे, म्हणजे तिथे गागारिनही बसला नसता, आणि त्यात अन्याय काही नाही. उलट १९५९ मध्ये अमेरिकेने पहिले अंतराळवीर निवडताना पदवी मागितली, तेव्हा देशातला सर्वांत नावाजलेला चाचणी वैमानिक येगर त्या अटीतच अडला. त्याच निवडीत १५०० तासांचे उड्डाणही मागितले होते, गागारिनच्या गाठीला तेव्हा काहीशेच तास होते. कोणती अट कोणत्या प्रकारची, हे शोधणे हेच न्यायाचे खरे काम.

तरीही मूळ शंका उरतेच. हॅम्लिनमधून येगर एकच निघाला, क्लुशिनोतून गागारिन एकच, मग माणसाच्या अंगचे गुण काहीच नाहीत का? आहेत, आणि निर्णायक आहेत. दार उघडल्यावर त्यातून कोण जाणार हे गुणच ठरवतात. पण किती जण जाऊ शकतील, आणि मुळात जाऊ शकतील का, हे दार ठरवते. हे पटायला युजीन बुलार्डचे आयुष्य पुरेसे आहे. १८९५ मध्ये जॉर्जिया राज्यात जन्मलेला हा कृष्णवर्णीय मुलगा वंशद्वेषाला कंटाळून घरातून पळाला, जहाजात लपून स्कॉटलंडला पोहोचला, पुढे फ्रान्सच्या परदेशी पलटणीत भरती होऊन व्हर्दूंच्या लढाईत जखमी झाला. १९१७ मध्ये फ्रान्सने त्याला वैमानिक बनवले आणि त्याने मोहिमा केल्या. त्याच वर्षी अमेरिका युद्धात उतरली आणि फ्रान्ससाठी उडणाऱ्या आपल्या नागरिकांना तिने हवाई दलात सामावून घेतले. बुलार्डला मात्र घेतले नाही. म्हातारपणी तो न्यू यॉर्कमध्ये लिफ्ट चालवत होता. १९६१ मध्ये तो वारला, आणि १९९४ मध्ये अमेरिकी हवाई दलाने त्याला मरणोत्तर सेकंड लेफ्टनंट केले. माणूस एकच, वर्ष एकच, कौशल्य तेच. एका देशात तो वैमानिक होता, दुसऱ्या देशात नव्हता. त्याची जिद्द कमी पडली, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

सर्वांत बोचरा आक्षेप वेगळाच आहे. सरकारे गरिबांसाठी विमानाचे दार उघडतात ती दयेपोटी नव्हे, त्यांना युद्धासाठी माणसे हवी असतात म्हणून. हे खरे आहे, आणि ते झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. सोव्हिएत एरोक्लब लढवय्ये तयार करण्यासाठीच होते. अमेरिकेने अटी बदलल्या त्या युद्धाच्या तोंडावर. शांततेतही हा पेशा जीव मागतो. गागारिन अंतराळातून सुखरूप परतला आणि १९६८ मध्ये मिग-१५ च्या प्रशिक्षण उड्डाणात, वयाच्या चौतिसाव्या वर्षी गेला. म्हणजे जे शिक्षण फुकट म्हणून मिळते, त्याची किंमत पैशांऐवजी जोखमीत चुकवावी लागते. या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष मात्र गरिबांना दूर ठेवण्याचा असू शकत नाही. श्रीमंत घरातला मुलगाही हीच जोखीम पत्करतो, फरक इतकाच की त्याला इतर चार वाटा खुल्या असतात. गरिबाची निवड खरी ठरायची तर त्यालाही दुसऱ्या वाटा दिसायला हव्यात, आणि जोखमीची माहिती निवडीआधी मिळायला हवी. तसे झाले नाही, तर गौरवाच्या बातमीच्या तळाशी लाचारी उरते.

आता आपल्याकडे पाहू. पुण्याजवळ खडकवासल्याची एनडीए ही खर्चाच्या बाबतीत खरोखर उदार संस्था आहे. राहणे, जेवण, पुस्तके, गणवेश, औषधोपचार सरकारी. पालकांकडे उरतो हातखर्च, आणि तोही न झेपणाऱ्या घरांसाठी मदतीची तरतूद आहे. तीन वर्षे तिथे, मग हैदराबादजवळ दुंडीगलच्या हवाई दल अकादमीत प्रशिक्षण, आणि त्या टप्प्यावर विद्यार्थ्याला विद्यावेतनही मिळते. तेव्हा आपल्याकडे खरा प्रश्न खडकवासल्याच्या फाटकानंतरचा नाही, आधीचा आहे. हवाई दलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवे, म्हणजे निर्णय दहावीनंतरच झालेला असावा लागतो, आणि अभ्यासक्रम सुरू होतानाची वयोमर्यादा साडेसोळा ते साडेएकोणीस. फ्लाइंग शाखेत लघुदृष्टी चालत नाही, पण गावातल्या मुलाचे डोळे त्या वयापर्यंत कोणी तपासलेलेच नसतात. लेखी परीक्षेत गणित आणि सामान्यज्ञानाचे प्रश्न इंग्रजीबरोबर हिंदीतही असतात, मराठीत नसतात, आणि इंग्रजीचे स्वतंत्र गुण आहेतच. विमानाची पुस्तके आणि रेडिओवरचे बोलणे इंग्रजीत असल्याने ही अट सवयीतली नव्हे, कामातली आहे. तिथे उपाय अट काढण्याचा नाही, आठवीपासून इंग्रजी नीट शिकवण्याचा आहे. आणि या सगळ्याआधी कोणीतरी त्या मुलाला सांगायला हवे, की अशी परीक्षा असते. वैमानिकाचे प्रशिक्षण फुकट आहे, त्याआधीची दहा वर्षे फुकट नाहीत.

महाराष्ट्राने ही दहा वर्षे ओळखलीच नाहीत असे नाही. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये साताऱ्याला सुरू झाली. १९७७ मध्ये राज्य सरकारने तेव्हाच्या औरंगाबादेत सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था काढली, जिथे दहावी झालेल्या निवडक मुलांना दोन वर्षे एनडीएसाठी तयार केले जाते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधल्या आदेशामुळे एनडीए मुलींना खुली झाली आणि २०२३ मध्ये नाशिकला मुलींसाठी तशीच संस्था सुरू झाली. या संस्थांचे काम मोलाचे आहे. पण त्यांच्या जागा मोजक्या आणि त्यांच्याही दाराशी प्रवेश परीक्षा उभी. एनसीसीच्या हवाई शाखेत छोट्या विमानांवर उड्डाणाचा अनुभव मिळतो, आणि तिच्या 'सी' प्रमाणपत्रावर हवाई दलात वेगळ्या वाटेने जाताही येते. सारातोव्हच्या एरोक्लबचा आपल्याकडचा जवळचा नातेवाईक हाच. तोही विमानतळ असलेल्या ठरावीक शहरांतच भेटतो. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या मुलासाठी तो सारातोव्हइतकाच लांब आहे.

जागाच इतक्या थोड्या, मग हजारोंना तयार करून काय साधणार, असा व्यवहारी प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर एका अपयशात आहे. रामेश्वरमच्या अब्दुल कलामांनी लहानपणी वर्तमानपत्रे वाटली, मद्रासच्या तंत्रज्ञान संस्थेत विमान अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी त्यांच्या बहिणीने सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण ठेवली. १९५८ मध्ये हवाई दलाच्या निवडीसाठी ते देहरादूनला गेले. २५ उमेदवार होते, जागा आठ, आणि त्यांचा क्रमांक नववा. ते वैमानिक झाले नाहीत. तरी ते कोसळले नाहीत, कारण हातात अभियांत्रिकीची पदवी होती आणि संरक्षण खात्याच्या तांत्रिक संचालनालयात नोकरी मिळत होती. पुढे त्यांनी काय केले ते सर्वांना ठाऊक आहे. ८ जून २००६ रोजी तिन्ही दलांचे सरसेनापती या नात्याने त्यांनी पुण्याच्या लोहगाव तळावरून सुखोई-३० मधून उड्डाण केले. बहिणीच्या दागिन्यांवर उभ्या राहिलेल्या शिक्षणाने नवव्या क्रमांकाच्या उमेदवाराला वाया जाऊ दिले नाही. पहिल्या आठांचे कौतुक सगळेच करतात. व्यवस्थेची परीक्षा नवव्याचे काय होते यावर होते, आणि गरीब घरात तर त्यावरच ठरते की मुलाने या वाटेला जावे की नाही. नापास झाल्यावर वर्ष फुकट जाईल, कर्ज होईल, हातात काही उरणार नाही, ही भीती असलेला बाप मुलाला अर्जच भरू देत नाही, आणि त्याचे गणित चुकीचे नसते.

म्हणून मागण्या भव्य नकोत, नेमक्या हव्यात. जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवी-नववीत डोळ्यांची तपासणी आणि या परीक्षांची माहिती, दोन्ही एकाच दिवशी होऊ शकतात. वैमानिकाची अभियोग्यता चाचणी एखाद्याला आयुष्यात एकदाच देता येते, त्यात नापास झाला की फ्लाइंग शाखा कायमची बंद. नियम ठेवायचा तर ठेवावा, पण ज्याने कधी जॉयस्टिक हातात धरलेली नाही त्याला आधी सरावाची सरकारी सोय मिळावी, नाहीतर हजारो रुपये घेणाऱ्या शिकवणीवर्गात सराव केलेल्याशी त्याची स्पर्धा बरोबरीची होत नाही. पूर्वतयारीच्या संस्थांनी निवड न झालेल्या मुलांनाही तंत्रशिक्षणाची किंवा इतर सेवांची वाट दाखवून सोडावे. यातले काहीच हवाई दलाच्या मानकांना हात लावत नाही. पुढच्या वेळी 'गगनभरारी'ची बातमी वाचताना त्या मुलाचे अभिनंदन जरूर करावे, आणि सोबत विचारावे, की त्याच्या वर्गातल्या, त्याच्याइतक्याच हुशार दुसऱ्या मुलाला ही परीक्षा असते हे कोणी सांगितले होते का, आणि तो नापास झाला असता तर आज काय करत असता. या दोन प्रश्नांची उत्तरे समाधानकारक होतील, तेव्हा अशी निवड बातमी म्हणून छापण्याची गरजच उरणार नाही, आणि तीच खरी प्रगती असेल.